घरं दोन झाली, खंडू कुणाकडे?

सांजवात

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा आणि नवऱ्याचा परस्परसंमतीने घटस्फोट होतोय. भांडणं, अबोला, समजावणं, सगळं मागेच होऊन गेलं. परवा वस्तूंची यादी करायला बसलो. कपाटं, पुस्तकं, गाडी, गाद्या, तासाभरात मार्गी लागलं. तेवढ्यात खंडू, आमचा कुत्रा, टेबलाखालून उठला, अंग झाडलं आणि आमच्या दोघांच्या पायांच्या मधे पसरला. त्यानंतर कुणीच काही लिहिलं नाही. वही तशीच मिटली.

खंडू आठ वर्षांचा आहे. आणला नवऱ्याने, कागदपत्रं त्याच्या नावावर. पण पहिलं वर्ष सरल्यावर लसी, जंताचं औषध, कान साफ करणं, रात्री पोट बिघडलं की उठणं, हे सगळं माझ्याकडे आलं ते आजतागायत. सकाळचं फिरणं मात्र तोच करतो, एक दिवस चुकत नाही. ते नाकारणार नाही.

आम्ही वेगळ्या खोल्यांत झोपायला लागलो तेव्हापासून खंडू पॅसेजमध्ये झोपतो. तोंड एका दाराकडे, शेपूट दुसऱ्याकडे. मध्यरात्री उठतो आणि उलटा होऊन पुन्हा झोपतो. हे मी अंधारात कितीदा पाहिलंय.

राहतं घर तळमजल्यावर आहे, ते नवऱ्याकडे राहील. मी भाड्याने घेतलेलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. खंडूची कंबर वर्षभर थोडी कुरकुरते, पण अजून चालतो व्यवस्थित.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याने सांभाळलं त्याचा हक्क. तुम्हाला काय वाटतं? ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी काय केलं?

रानवाट

ज्याने सांभाळलं त्याचा. +१. याहून वेगळं काही असूच शकत नाही.

अर्धविराम

ताई, काळजी घ्या. माझ्या बाबतीत कागदाने निकाल लावला. कुत्री घरी आली तेव्हा माझी बदली चालू होती, म्हणून सगळे कागद बायकोच्या नावे केले. सहा वर्षं तिला आंघोळ मी घातली, नखं मी कापली, फटाक्यांच्या रात्री बाथरूममध्ये तिला मांडीवर घेऊन मी बसलो. यातल्या कशाचीही पावती नसते. डॉक्टरांकडच्या नोंदीतही मालक म्हणून तिचंच नाव, कारण पहिल्या दिवशी फॉर्म तिने भरला होता. माझ्या वकिलांनी सरळ सांगितलं, दाखवायला काही आहे का? माझ्या मोबाईलमध्ये चारेक हजार फोटो होते, पण फोटो काढणारा फोटोत नसतो.

आजपासून प्रत्येक बिल, प्रत्येक औषधाची चिठ्ठी जपून ठेवा.

काळाकोट

वकिलीत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जगात बहुतेक ठिकाणी कायदा पाळीव प्राण्याकडे मालमत्ता म्हणूनच बघतो. टेबल कुणी घेतलं, त्याच पद्धतीने कुत्रा कुणी घेतला हे विचारलं जातं. खरेदीची किंवा दत्तक घेतल्याची पावती, लसीकरणाची पुस्तिका, परवाना, मायक्रोचिपची (प्राण्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपची) नोंद हे पुरावे. अर्धविराम यांचं दुखणं तिथलंच आहे.

काही ठिकाणी हे बदललंय. अमेरिकेत अलास्का हे पहिलं राज्य, २०१७ पासून. घटस्फोटात प्राण्याचं हित कशात आहे हे न्यायाधीशाने पाहायचं, आणि हवं तर दोघांकडे संयुक्त ताबा द्यायचा. इलिनॉयमध्ये २०१८, कॅलिफोर्नियात २०१९ आणि न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून असेच कायदे आले. स्पेनचा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तिथे प्राणी म्हणजे भावना असलेला जीव, आणि मालकी कुणाच्याही नावे असो, ताबा ठरवताना घरच्या माणसांचं आणि प्राण्याचं अशा दोघांचंही हित बघतात. तो लागू व्हायच्या आधीच, २०२१ मध्ये, माद्रिदच्या न्यायालयाने पांडा नावाच्या कुत्र्याचा संयुक्त ताबा एका विभक्त जोडप्याला दिला होता.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जानेवारी २०२४ पासून उलट वाट धरली. तिथे न्यायालय बघतं की प्राण्याची देखभाल कोण करत होतं, पुढे कुणाला जमणार आहे, घरात हिंसा होती का, मुलाचं त्या प्राण्याशी नातं कसं आहे. पण संयुक्त ताब्याचा आदेश देत नाही. प्राणी एकाकडेच जातो. दोघांनी आपसात वाटून घ्यायचं ठरवलं तर करार करावा, न्यायालय ते लादणार नाही.

मला विचाराल तर ब्रिटिश कोलंबियाचं शहाणपण जास्त पटतं. जी दोन माणसं एका खोलीत बसून बोलू शकत नाहीत, त्यांना दर शनिवारी साखळी हातात द्या-घ्यायला लावणं म्हणजे भांडणाला कायमची जागा करून देणं. बोलू शकतात त्यांना आदेशाची गरजच पडत नाही.

सांजवातताई, तुम्ही बोलू शकताय. कोर्टापर्यंत नेऊ नका. संमतीच्या अटींमध्येच खंडूचा एक परिच्छेद घाला.

मुद्दा_वेगळा

कुणाला दुखवायचं नाही, पण घटस्फोटासारख्या मोठ्या गोष्टीत कुत्र्यावर एवढी चर्चा? मुलं असती तर समजू शकलो असतो. प्राणी चार दिवसांत रुळतात.

अबोली

@मुद्दा_वेगळा, रुळतात हो. आम्ही रुळत नाही.

तिसरीघंटा

मी त्या घरातलं मूल होते, म्हणून लिहिते.

आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी अकरा वर्षांची. आमची मनी कुणाकडे जाणार यावर एकमत झालं नाही, तेव्हा दोघांनी मिळून 'न्याय्य' तोडगा काढला. तिला बाबांच्या ओळखीच्या एका कुटुंबाला देऊन टाकलं. म्हणजे कुणी हरलं नाही. मी शाळेतून आले तर तिची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

वडील महिन्यातून दोनदा भेटायचे, आई रोज होती, म्हणजे माझी माणसं मला परत मिळाली. मनी मिळाली नाही. आज चाळिशीत आहे, दोघांवर राग नाही, पण ती पालथी वाटी विसरले नाही. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी प्राणी मुलांबरोबर ठेवा. मुलं दोन घरांत ये-जा करत असतील तर प्राण्यालाही करू द्या. अर्थात कुत्रा असेल तर. मांजराचं माहीत नाही.

पाऊलखुणा

पशुवैद्य आहे. तिसरीघंटा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. कुत्रा आणि मांजर यांना एकच नियम लावू नये.

कुत्रा माणसाला बांधलेला असतो, मांजर बऱ्याच अंशी जागेला. आपलं माणूस, आपलं अंथरूण आणि रोजच्या वेळा सांभाळल्या तर बहुतेक कुत्रे दोन घरांत जगू शकतात. मांजराला दर आठवड्याला पिशवीत घालून इकडून तिकडे नेलं तर त्याचं अख्खं जग दर आठवड्याला पुसलं जातं. ताण आला की मांजराला मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो, आणि बोक्यांमध्ये लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका त्याच्या शू-शीच्या वाळूच्या पेटीत पुन्हा पुन्हा बसतोय आणि काही होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्यामुळे मांजर शक्यतो आहे त्या घरात राहू द्यावं. हलवावंच लागलं तर आधी एकच खोली द्या, जुनं न धुतलेलं अंथरूण द्या, आणि बाकीचं घर त्याच्या कलाने उघडा.

@मुद्दा_वेगळा, काही प्राणी चार दिवसांत रुळतात, खरं आहे. काही खाणं सोडतात, काही दाराशी बसून राहतात, काही एकटं राहिलं की दार कुरतडतात. माझ्याकडे येतात ते हेच.

सांजवात, कंबरेबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय. त्यावर नंतर येतो, आत्ता एक केस आत आली आहे.

झिम्मा

सोपा उपाय. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना उभं राहायचं, एकदम हाक मारायची, खंडू ज्याच्याकडे जाईल त्याचा :)

रानवाट

झिम्मा, आमच्या घरी हा प्रयोग केला तर आमचं ध्यान फ्रिजकडे जाईल. ताबा फ्रिजला.

अबोली

आमचा बोका दोघांकडे पाठ करून खिडकीत बसेल. संयुक्त ताबा बोक्याकडे, आम्ही दोघं पाळीव :D

पाऊलखुणा

हसू आलं, पण हा प्रयोग लोक खरोखर करतात, म्हणून लिहितो. कुत्रा कुणाकडे धावतो यावरून काहीही ठरत नाही. ज्याच्या खिशाला खाऊचा वास आहे त्याच्याकडे जाईल, जो दिवसभर बाहेर होता त्याच्याकडे जाईल, जो खाली बसलाय त्याच्याकडे जाईल. आणि दोन आवडती माणसं एकदम, ताणलेल्या आवाजात हाका मारतायत हे पाहून बरेचसे कुत्रे मधेच खाली बसतात, जांभया देतात, ओठ चाटतात. ती झोप नसते, ती घालमेल असते. करू नका.

झिम्मा

हे माहीत नव्हतं, डॉक्टर. गंमत म्हणून लिहिलं होतं. सांजवातताई, माफ करा.

गवतफुला

मला वेगळ्या बाजूने लिहायचंय. इथे सगळे दोन समंजस माणसं गृहीत धरतायत.

माझ्या पहिल्या लग्नात कुत्रा हे हत्यार होतं. मी जायचं नाव काढलं की तो कुत्र्याला गच्चीत कोंडायचा. मारायचा नाही, फक्त मला ऐकू येईल इतका वेळ कोंडायचा. मी त्यामुळे दीड वर्ष थांबले. मैत्रीण म्हणाली, कुत्र्यासाठी कुणी थांबतं का? थांबतं.

शेवटी निघाले ते एका दुपारी, त्याला डॉक्टरांकडे नेतेय असं सांगून. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात साखळी. कुणी अशा परिस्थितीत वाचत असेल तर आधी प्राण्याला विश्वासातल्या माणसाकडे हलवा, लसीची पुस्तिका आणि चिपचा क्रमांक घ्या, मग बोला. क्रम उलटा करू नका.

काळाकोट

गवतफुला, लिहिलंत हे फार मोलाचं. कायद्यालाही हे उशिरा का होईना कळलंय. अमेरिकेत मेन राज्याने २००६ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचाही समावेश करायला मुभा दिली. तसं करणारं ते तिथलं पहिलं राज्य, नंतर बऱ्याच राज्यांनी ते उचललं. म्हणजे हिंसक जोडीदाराने प्राण्याच्याही जवळ जायचं नाही.

मुद्दा_वेगळा

गवतफुला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वर मी लिहिलेलं मागे घेतो.

कावळेकर

पक्ष्यांचं कुणी बोलत नाही. आमच्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. हा पक्षी नीट सांभाळला तर चाळीस ते साठ वर्षं जगतो. लग्नापेक्षा जास्त टिकतो, आणि घरातली भांडणं शब्दशः पाठ करतो. माझ्या बहिणीच्या घटस्फोटानंतर तो माझ्याकडे आला. वर्ष झालं, अजूनही संध्याकाळी मेव्हण्याच्या आवाजात "चावी कुठे ठेवलीस?" विचारतो. पहिल्यांदा बहिणीने ऐकलं तेव्हा ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठली नाही.

पहिले तीन महिने त्याने छातीवरची पिसं उपटून काढली. डॉक्टरांनी पिंजरा वर्दळीच्या खोलीत, पण भिंतीला टेकवून ठेवायला सांगितला, आणि रोज त्याच वेळेला कुणीतरी त्याच्याशी बोलायचं. हळूहळू लव आली. बहीण रविवारी येते, तासभर त्याच्याशी बोलते.

अर्धविराम

भेटी चालू ठेवाव्यात की नाही यावर कुणी लिहाल का? मला सुरुवातीला पंधरवड्यातून एकदा भेटायची मुभा होती. दर वेळी निघताना ती फाटकाशी येऊन उभी राहायची. तिला त्रास होतोय असं वाटून मीच बंद केलं. तीन वर्षं झाली. बरोबर केलं का हे आजही कळत नाही.

रानवाट

बरोबर केलंत असं मला वाटतं. एक घाव, दोन तुकडे. सारखं जाऊन खपली काढण्यात अर्थ नाही.

तिसरीघंटा

रानवाट, अजिबात पटत नाही. खपली कुणाची? ती फाटकाशी उभी राहायची म्हणजे दुःखीच होती कशावरून? आमचा कुत्रा मी कचरा टाकायला गेले तरी फाटकाशी उभा राहतो.

पाऊलखुणा

अर्धविराम, निघताना कुत्रा दाराशी येतो, थोडा वेळ थांबतो, आणि दहा मिनिटांत जाऊन झोपतो, हे अगदी सर्रास आहे. तुम्ही गेल्यानंतर ती काय करायची हे तुम्ही विचारलंत का? खाणं सोडत असेल, रात्रभर फेऱ्या घालत असेल तर भेटी थांबवणं योग्य. झोपत असेल तर तिला तुमच्या भेटी आनंदाच्याच होत्या. मागचं उगाळायला सांगत नाही, पण पुढच्या माणसाने हे विचारून मग ठरवावं.

आता सांजवात. कंबर कुरकुरते म्हणजे नेमकं काय? उठताना मागचे पाय ओढतो का, सोफ्यावर उडी मारणं सोडलं का, जिन्यावर थांबतो का? आठ वर्षांचा, अंगाने थोराड कुत्रा असेल आणि खुब्याच्या सांध्याची झीज सुरू झाली असेल, तर तीन मजले दिवसातून चार वेळा हा प्रश्न हक्काच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. चढताना सगळा जोर मागच्या पायांवर येतो, उतरताना घसरायची भीती. उचलून न्यावा तर वजन किती, आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण उचलणार? हे तुम्ही आज ठीक आहे म्हणाल, पण खंडू दहा वर्षांचा होईल तेव्हाचं बोला.

एक करा. कायमचं ठरवायच्या आधी दोन-तीन दिवस त्याला नव्या घरी नेऊन बघा.

सांजवात

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून खरं सांगते, राग आला. मला वाटलं मी एवढं सगळं केलं आणि शेवटी जिन्याने ठरवायचं? दोन दिवस इथे फिरकले नाही.

सोफ्यावर चढणं त्याने चार महिन्यांपूर्वी सोडलंय. मी म्हणत होते शहाणा झाला.

अबोली

ताई, राग येणारच. कुणालाही येईल.

गवतफुला

तळमजल्याचं दुसरं घर बघता येणार नाही का? माझा सल्ला, सही करायच्या आधी बघा.

सांजवात

बघितलं, गवतफुला. अनामत रक्कम भरून झालीये, आणि तळमजल्यावर कुत्रा चालेल असं म्हणणारे घरमालक दोन भेटले, दोघांचीही घरं माझ्या आवाक्याबाहेर.

कावळेकर

ताई, काही कळवलंत तर बरं वाटेल. रोज धागा उघडून बघतोय.

सांजवात

कळवते. थोडं मोठं होईल.

शुक्रवारी खंडूला नव्या घरी आणलं. त्याचं अंथरूण, वाटी, दोरीचं खेळणं, सगळं आधीच वर नेऊन ठेवलं होतं. पहिला मजला हुंगत, शेपूट हलवत चढला. दुसऱ्यावर वेग कमी झाला. तिसऱ्याच्या मधल्या वळणावर बसला. मी वर दोन पायऱ्यांवर उभी, तो खाली. बसून माझ्याकडे बघत होता, हट्टाने नाही, शांतपणे. पाच मिनिटांनी उठला आणि एकेक पायरी करत आला. त्या घरात तो माझ्या दारात झोपला, सरळ, तोंड माझ्याकडे. रात्री एकदाही बाजू बदलली नाही. मला वाटलं जिंकले मी.

शनिवारी सकाळी खाली नेताना दुसऱ्या मजल्यावर त्याचा मागचा पाय घसरला. ओरडला नाही. कठड्याला अंग टेकवून उभा राहिला आणि पाय थरथरत होते. मी उचलायला वाकले, बत्तीस किलो आहे तो, चार पायऱ्या नेला आणि मलाच खाली बसावं लागलं. आम्ही दोघं तिथे पायरीवर किती वेळ बसलो माहीत नाही. त्याला शू लागली होती, त्याने तिथेच केली आणि मग कान पाडून माझ्याकडे बघितलं, जसं काही चूक त्याचीच. त्याने घरात कधीच केली नव्हती हो, पिल्लू असल्यापासून.

मी तिथूनच नवऱ्याला फोन केला. तो वीस मिनिटांत आला. दोघांनी चादरीत घेऊन त्याला खाली नेलं.

खंडू जुन्या घरी राहणार. हे मी ठरवलं, कागदाने नाही. वकिलांकडे परिच्छेद घातला, काळाकोट, तुम्ही सांगितलं तसा. मी बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी जाईन. डॉक्टरकडे नेणं माझ्याकडेच राहील, खर्च अर्धा अर्धा. तो गावाला गेला तर मी त्या घरी येऊन राहीन, खंडूला कुठे ठेवायचं नाही. आणि एक ओळ मी हट्टाने घातली. त्याच्या शेवटच्या दिवसांत काहीही निर्णय घ्यायचा झाला तर दोघं समोर असल्याशिवाय घ्यायचा नाही. ती वाचताना नवरा पहिल्यांदा रडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

रानवाट

मी पहिल्याच प्रतिसादात मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की याहून वेगळं काही असूच शकत नाही. ताई, तुम्हाला मिठी.

मुद्दा_वेगळा

काय लिहावं कळत नाही. वाचलं एवढंच सांगतो.

पाऊलखुणा

सांजवात, जुन्या घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या ये-जा करायच्या वाटेवर पायपुसण्या किंवा रबरी चटया टाका, नखं वाढू देऊ नका, वजन दोन-तीन किलोंनी उतरवा. सांध्यांना याचा फार उपयोग होतो. आणि तुमची न धुतलेली एखादी जुनी ओढणी त्याच्या अंथरुणात ठेवा.

अर्धविराम

ताई, तुमची पोस्ट वाचून काल तिला फोन केला. म्हणजे बायकोला, पूर्वीच्या. विचारलं की मी गेल्यावर कुत्री काय करायची. ती म्हणाली, "तुझी चप्पल असायची तिथे जाऊन झोपायची. घोरायची चक्क." रविवारी ये म्हणाली आहे.

तिसरीघंटा

अर्धविराम!!!

काळाकोट

सांजवातताई, एक राहिलं. चिपच्या नोंदीतला संपर्क बघितलात का? चिपमध्ये फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो, नाव-फोन नोंदणीच्या यादीत असतात. खंडू कधी हरवला तर सापडलेला माणूस तिथल्याच नंबरवर फोन करणार. लोक सगळं बदलतात आणि हे विसरतात.

सांजवात

बघितलं. तिथे माझाच नंबर होता, आठ वर्षांपासून. मला आठवतही नव्हतं, त्यानेच लिहिला होता म्हणे, "तू फोन उचलतेस म्हणून." आता पहिला त्याचा केलाय, दुसरा माझा ठेवलाय.

ओढणी ठेवली, डॉक्टर. आज बुधवार, निघते. साडेसहाला तो फाटकाशी येऊन बसतो म्हणे.